हनोईचं वंशशास्त्र संग्रहालय: आधी अंगण, मग इमारत

हालाँग बेच्या धावपळीत हनोईला दीड दिवस उरतो आणि तो जुन्या बाजारात संपतो. त्यातली एक सकाळ काउ झाय भागातल्या या संग्रहालयासाठी राखून ठेवा. जुन्या शहरापासून साधारण ८ किलोमीटर, ग्रॅब या अ‍ॅपवरून बोलावलेली भाड्याची दुचाकी सोयीची. वेळ ८.३० ते ५.३०, सोमवारी आणि तेतच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) सणात बंद. सोमवार न बघता आखलेला बेत इथे हमखास फसतो.

संग्रहालय १९९७ साली सुरू झालं. व्हिएतनाममध्ये सरकारी यादीप्रमाणे ५४ जमाती आहेत. त्यांपैकी किन्ह, म्हणजे आपण ज्यांना 'व्हिएतनामी' म्हणतो ते, सुमारे ८५ टक्के. २०१९ च्या जनगणनेत ओ दू जमातीचे लोक मात्र ५०० सुद्धा भरले नाहीत. भाषाकुळं पाच. हे डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक दालन बोलकं होतं.

बहुतेकजण आधी ढोलाच्या आकाराच्या इमारतीत शिरतात आणि दमून, भर उन्हात मागच्या अंगणात येतात. क्रम उलटा करा. खरं वैभव अंगणातच आहे. तिथली घरं म्हणजे नुसत्या प्रतिकृती नव्हेत. बाहनार लोकांचं उंच, निमुळत्या छपराचं सभागृह कोन तुम भागातल्या बाहनार गावकऱ्यांनीच येऊन उभारलं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो एदे लोकांच्या लांबघराला. लांबी ४० मीटरच्या वर. एदे मातृवंशीय, जावई घरजावई होऊन येतो. मुलीचं लग्न झालं की घर वाढवायचं, म्हणून ते इतकं लांब. पुढच्या शिडीशी थांबून नीट बघा: अखंड लाकडात पायऱ्यांच्या खाचा पाडलेल्या आणि वरच्या टोकाला कोरलेले दोन स्तन, सोबत चंद्रकोर. घर कुणाचं, ते दारातच कळतं. पुढचा भाग पाहुण्यांचा, मागचा कुटुंबाचा. चढताना चपला खाली काढाव्या लागतात आणि खाचा अरुंद आहेत, त्यामुळे पाऊल आडवं टाका. उतरताना तोंड शिडीकडेच हवं. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

जवळच जराय लोकांची थडगी आहेत, भोवती स्त्री-पुरुषांचे उघडेनागडे लाकडी पुतळे. मुलं बरोबर असतील तर अर्थ आधीच सांगून ठेवा: इथे मृत्यूशेजारी जन्म मांडलाय. निरोपाचा विधी झाला की जराय लोक थडग्याची देखभाल सोडतात, पुतळे पावसात कुजू देतात.

एदे आणि जराय यांच्या भाषा चाम या तिसऱ्या जमातीच्या भाषेच्या जवळच्या, मलायच्या कुळातल्या. बाहनार आणि व्हिएतनामी ऑस्ट्रोआशियाई, आणि आपल्या मेळघाटातली कोरकूही त्याच कुळातली. चारला व्हिएतनामीत 'बोन', कोरकूत 'उफुन', मूळ एकच. चाम लिपी ब्राह्मीतून आलेली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीणच, आणि निन्ह थुआन भागातले बरेच चाम आजही हिंदू आहेत. मराठी माणसाने हे दोन धागे धरून फिरावं, दालनं परकी वाटत नाहीत.

इमारतीत दीड तास पुरतो. पाट्या इंग्रजीतही आहेत. बांबूच्या शेकडो मासे-सापळ्यांनी लादलेली सायकल चुकवू नका, विक्रेता त्या ढिगात जवळपास दिसेनासाच व्हायचा. ह्मोंग बायकांची मेण लावून निळीत रंगवलेली भांगेच्या धाग्याची कापडं मात्र जवळ जाऊन बघा. तांब्याच्या टोकाने गरम मेणाची रेघ ओढायची, निळीत बुडवायचं, मग उकळून मेण काढायचं, की मेणाखालची रेघ पांढरी उरते. मेण गार झालं तर रेघ कापडात मुरत नाही आणि नीळ आत शिरते.

मुद्दा एकच खटकतो. ५४ हा आकडा १९७९ च्या वर्गवारीचा. एकाच नावाखाली वेगळी बोली, वेगळा पोशाख असलेले गट आले आहेत. मांडणीही त्याच चौकटीत आहे. पाटीवरचं नाव वाचलंत तरी पोशाखातला फरक बघायचं सोडू नका.

आग्नेय आशियाची दुसरी इमारत वेळ उरला तरच.