११४ मिमीची दुर्बीण घेताना गेलेले २१,३४९ रुपये

दुर्बीण १६,५००, पॅकिंग-वाहतूक १,८५० आणि ‘अ‍ॅस्ट्रो किट’ २,९९९. एकूण २१,३४९ रुपये, सगळे आगाऊ, सगळे यूपीआयने. आगाऊ देऊ नयेत हे मलाही कळतं. पण पार्सल वेळेवर कोल्हापूरला आलं आणि खोक्यात दुर्बीणही निघाली. लबाडी नळीच्या आत होती.

जाहिरातीत होतं: ११४ मिमी पॅराबोलिक (प्रकाश एकाच बिंदूत आणणाऱ्या आकाराचा) आरसा, फोकल लेंथ (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर) १००० मिमी, ७५० पट मोठं दिसेल. १००० ला ४ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) भागलं की २५०, त्यावर ३ पटीचा बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) की ७५०. पण ११४ मिमीच्या आरशाला झेपतात फार तर दुप्पट, म्हणजे २२८ पट, तेही हवा स्थिर असली तर. हे मला माहीत होतं. पटींचा आकडा सगळेच फुगवतात म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

खरं चुकलं ते व्हिडिओ बघताना. विक्रेत्याने नळी दोन फुटी फरशीवर आडवी ठेवली होती आणि दोन्ही टोकांना फरशी उरत होती. आयपीस बाजूला, पुढच्या टोकाजवळ असलेल्या अशा न्यूटनियन दुर्बिणीची नळी साधारण फोकल लेंथएवढी लांब असते. १००० मिमी म्हणजे सव्वातीन फूट! तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. चारही वेळा आरशाची चमक बघितली, फरशी बघितली नाही. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ती फरशी.

घरी टेप लावली: ४७ सेंमी. फोकसर (आयपीस पुढेमागे सरकवणारा भाग) काढला तर त्याच्या खालच्या टोकाला एक भिंग बसवलेलं. म्हणजे बर्ड-जोन्स पद्धतीची दुर्बीण. आरसा पॅराबोलिक नाही, गोलीय, म्हणजे गोलाच्या तुकड्यासारखा. त्याचा दोष सुधारायचा आणि फोकल लेंथ वाढवायची, ही दोन्ही कामं त्या भिंगाची. भिंग स्वस्तातलं असलं की दोन्ही बिघडतात. फोकस कितीही फिरवा, तारा टिंबासारखा होत नाही, गुरूच्या कडा पसरतात. लेझरने कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करायला गेलो तर त्याच भिंगामुळे ठिपका फाकतो. आधी भिंग काढावं लागतं.

पोलिस ठाण्यात दोन चकरा झाल्या. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” बरं, ग्राहक हेल्पलाइनवर अर्धा तास थांबून उत्तर काय, तर विक्रेता दिल्लीचा, तक्रार तिकडे करा. साफ खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे सांगायलाच बसवलेली माणसं हे सांगत नाहीत. वर “एवढी महाग दुर्बीण कशाला घेतली?” हा प्रश्न! माझे पैसे, माझी हौस. खोटं लिहिणाऱ्याला का नाही विचारत?

किटमधला ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर, जो आयपीसला स्क्रूने लागतो, तो आजच फोडून कचऱ्यात टाका. उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यासाचाच हवा.

इक्वेटोरियल माउंट (ध्रुवताऱ्याकडे रोखून ताऱ्यांमागे फिरवायचं स्टँड) घेणाऱ्यांनो, कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश. ध्रुवतारा एवढा खाली, की तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा तिवईच्या पायावर आपटतो. उत्तरेला पाय येऊ देऊ नका, दोन पायांमधली फट येऊ द्या. फाइंडर (नेम धरायचं छोटं साधन) दिवसाउजेडी जुळवा, किमान अर्धा किलोमीटर लांबच्या मोबाइल टॉवरवर. रात्री जुळवायला गेलात तर चंद्रसुद्धा सापडत नाही. आणि नळी घरातून बाहेर काढल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, नाहीतर चांगल्या आरशातूनही चित्र थरथरतं.

घ्यायचीच तर १३० मिमी, ६५० फोकल लेंथची पॅराबोलिक न्यूटनियन, किंवा सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची न्यूटनियन). नळीची लांबी टेप लावून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करू लागला की फोन ठेवा.

व्हिडिओ मी उतरवून ठेवला होता, त्याने आता तो काढून टाकलाय. त्यातल्या फरशीचं चित्र, ४७ सेंमीवर धरलेल्या टेपचा फोटो आणि तिन्ही यूपीआय पावत्या आयोगाकडच्या तक्रारीला जोडल्या आहेत.