मॉड्युलोतला व्यस्त: वहीत एक रीत, कोडमध्ये दुसरी

कोपरखैरण्याची माझी भाची इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला क्रिप्टोग्राफीचा (गुप्तलेखनाचा) पेपर आहे. रविवारी तिला सोडायला ठाणे स्टेशनला गेलो होतो. ट्रान्स-हार्बरची गाडी लागायची होती, तेवढ्यात तिनं फलाटावरच वही उघडली. "मामा, २३ चा १२० मधला व्यस्त ७३ ना?"

व्यस्त म्हणजे असा आकडा, की २३ ला त्यानं गुणून १२० नं भागलं की बाकी १ उरावी. ज्यानं भागायचं तो १२० म्हणजे मॉड्युलस. २३ गुणिले ७३ म्हणजे १६७९. बाकी ११९. म्हणजे १२० ला एक कमी, अर्थात उणे एक. तिचे भागाकार सगळे बरोबर होते, चिन्ह तेवढं उलटं पडलं होतं. १२० मधून ७३ गेले, उरले ४७. तेच उत्तर.

मग तिनं खरा प्रश्न विचारला. सरांनी तीन रीती शिकवल्यात, यूट्यूबवर आणखी दोन आहेत, धरायची कुठली?

आकडा लहान असेल तर सरळ शोधा. २६ अक्षरांच्या अफाइन सायफरमध्ये (अक्षराच्या क्रमांकाला एका आकड्यानं गुणून दुसरा मिळवायचा, अशी संदेश लपवायची पद्धत) व्यस्त असणारे आकडेच मुळी बारा. ७ ला १५ नं गुणलं की १०५, आणि २६ चोक १०४. झालं. इथे युक्लिडला, म्हणजे त्याच्या भागाकार करत मसावि काढायच्या रीतीला, बोलावणं म्हणजे पाणीपुरीला काटा-चमचा मागण्यासारखं आहे.

१२० किंवा त्याच्या वर गेलं की युक्लिड हवाच. १२० ला २३ नं भागा: भागाकार ५, बाकी ५. २३ ला ५ नं: भागाकार ४, बाकी ३. ५ ला ३ नं: भागाकार १, बाकी २. ३ ला २ नं: भागाकार १, बाकी १. इथे थांबायचं. शेवटी १ च्या ऐवजी ० आला तर मसावि १ नाही आणि व्यस्त नाहीच. २४ चा १२० मध्ये व्यस्त शोधत बसलात तर मिळणार नाही. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. वाटा फुटतात त्या पुढे.

बहुतेक वर्गांत उलटं भरत जायला शिकवतात: १ म्हणजे ३ वजा २, त्यातला २ म्हणजे ५ वजा ३, असं कंसात कंस उघडत वर चढायचं. समजायला ही रीत उत्तम, चुकायलाही उत्तम. भाचीचं चिन्ह तिसऱ्या कंसातच हरवलं होतं. दुसरी वाट तक्त्याची: ० आणि १ पासून सुरू करून दर वेळी भागाकारानं गुणून वजा करायचं. ०, १, उणे ५, २१, उणे २६, ४७. कंस नाहीत, पण एक सोडून एक उणे चिन्ह आहे, आणि घाईत ते निसटतं.

हातानं करायचं तर माझं मत तिसऱ्या रीतीला, आणि ती सगळ्यांत जुनी आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटानं कुट्टक सांगितला. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. नाव आपल्या 'कुटणे'शी नातं सांगणारं: मोठे आकडे खलबत्त्यात घालून बारीक करायचे. ग्रहगणितात त्याची गरज पडे. त्यातली 'वल्ली' म्हणजे भागाकारांची उभी ओळ. आपले भागाकार एकाखाली एक लिहा: ५, ४, १, १. त्याखाली १, त्याखाली ०. आता खालून वर या. प्रत्येक भागाकाराला त्याच्या लगेच खालच्या आकड्यानं गुणायचं आणि त्याच्याही खालचा मिळवायचा. १×१+० = १. १×१+१ = २. ४×२+१ = ९. ५×९+२ = ४७. उणे चिन्ह कुठेच नाही. भागाकारांची संख्या सम असेल तर हेच उत्तर, विषम असेल तर मॉड्युलसमधून वजा करायचं.

गाडी आली, ती गेली. घणसोलीच्या आसपास असताना मेसेज आला: "७ चा २६ मधला केला. भागाकार ३, १, २. उत्तर ११, पण विषम, म्हणून १५. जमलं!"

एक अडचण आहे. पेपरात तक्ताच मागितला असेल तर तक्ताच काढा, गुण पायऱ्यांना असतात. वल्ली कच्च्या कामाच्या जागेत करून उत्तर ताळून बघायचं.

आता कोड. इथे फर्माची रीत लोकप्रिय आहे: मॉड्युलस मूळ संख्या असेल तर आकड्याचा (मॉड्युलस वजा २) इतका घात म्हणजे व्यस्त. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांमधल्या १००००००००७ या लाडक्या मूळ संख्येसाठी वर्ग करत करत गेलं तर २९ वर्ग आणि १४ गुणाकार लागतात. पाच-सहा ओळींचं काम, आणि घाताचं फंक्शन तर आधीच लिहिलेलं असतं. युक्लिडलाही वेळेची भीती नाही: लहान आकड्यात जितके अंक त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार लागत नाहीत, हे फ्रेंच गणिती लामेनं १८४४ मध्ये दाखवलं. म्हणून वेगावरून भांडण्यात अर्थ नाही. मॉड्युलस मूळ संख्या आहे का, हे बघा. १२० ला फर्मा लावून २३ चा ११८ वा घात काढला तर ४९ येतो. एरर नाही, काही नाही, नुसतं चुकीचं उत्तर. मी स्वतः एकदा अशा चुकीमागे आख्खी संध्याकाळ घालवलीय, कारण बघितलं कुठे नाही तर तिथेच.

ऑयलरची रीत, म्हणजे आकड्याचा (फाय वजा १) इतका घात, संयुक्त संख्येला चालते, पण त्यासाठी मॉड्युलसचा फाय माहीत हवा: मॉड्युलसपेक्षा लहान आणि त्याच्याशी मसावि १ असलेले आकडे किती, ती संख्या. १२० चा फाय ३२, म्हणजे २३ चा ३१ वा घात. २३ चा चौथा घातच १ असल्यामुळे तो २३ च्या घनाइतका, पुन्हा ४७. सुंदर आहे, पण मोठ्या आकड्याचा फाय काढायला अवयव पाडावे लागतात, म्हणून व्यवहारात मी ती वापरत नाही. पायथन ३.८ किंवा पुढचं असेल तर घात काढणाऱ्या 'पॉव' फंक्शनला २३, उणे १ आणि १२० द्या. व्यस्त नसेल तर ते स्पष्ट एरर देतं.

एक ते दहा लाख सगळ्यांच्या फॅक्टोरियलचे (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचे) व्यस्त हवेत, तर प्रत्येकासाठी घात काढू नका. सगळ्यांत मोठ्या फॅक्टोरियलचा एकच व्यस्त काढा आणि एकेका आकड्यानं गुणत खाली या. सी प्लस प्लसमध्ये गुणाकार मोठे आकडे मावणाऱ्या 'लाँग लाँग' प्रकारातच ठेवा, साध्या इंटमध्ये तो मावत नाही.

आणि आकडा गुप्त किल्लीचा असेल तर साध्या युक्लिडपासून लांब राहा. त्याच्या पायऱ्या आकड्यानुसार कमी-जास्त होतात, आणि लागलेल्या वेळेवरून किल्लीचा माग काढता येतो. २ चा २५५ वा घात वजा १९ या मूळ संख्येवर चालणाऱ्या कर्व्ह २५५१९ या गुप्त किल्ली ठरवायच्या पद्धतीच्या अनेक अंमलबजावण्यांत म्हणूनच फर्मा आहे: घात ठरलेला, पायऱ्याही ठरलेल्या. ते कामही तपासलेल्या लायब्ररीवर सोडा.