चार-छत्तीसचा बेल्ट-डिस्क सँडर: कडांसाठी घ्या, फळ्यांसाठी नको

टेबलावर ठेवायचा छोटा सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी मिळतो, पण ढाचा साधारण एकच: १०० × ९१५ मिमीचा पट्टा (दुकानात इंचांत, ‘चार बाय छत्तीस’ म्हणून मागायचा), बाजूला १५० मिमीची तबकडी आणि ३५०-३७५ वॅटची इंडक्शन मोटर. घरी सुतारकाम करणाऱ्याला तो उपयोगी आहे का? आहे, फक्त त्याच्याकडे रंध्याचं काम मागू नका.

१०० मिमीपेक्षा रुंद फळी त्यावर सपाट होत नाही. पट्ट्याची कड संपते तिथे लाकडावर पायरी पडते. अरुंद पट्टीचंही जे टोक आधी टेकतं ते जास्त खाल्लं जातं. प्लायचा वरचा पापुद्रा तर मिलिमीटरभरही नसतो. क्षणभर जास्त टेकला की खालचा थर डोकावतो. करवतीच्या खुणा काढणं, कोपरे मारणं, गोलाई देणं आणि तुकडा पेन्सिलच्या रेघेपर्यंत नेमका आणणं, ही कामं मात्र हे मशीन कानशीपेक्षा कितीतरी लवकर करतं.

पैसे खरे वसूल होतात ते तबकडीवर. २८५० आरपीएमला तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर असतो आणि मध्यावर जवळपास शून्य, म्हणून मध्याशी धरलेलं लाकूड कापलं न जाता नुसतं घासतं. काम नेहमी खाली जाणाऱ्या अर्ध्या भागावर करायचं. वर येणारा भाग तुकडा टेबलावरून उचलून भिरकावतो. टेबल आणि तबकडीत दीड मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर बारीक तुकडे आत ओढले जातात.

पोळपाट गोल करायचा आहे असं समजा. जिगसॉने रेघेबाहेर २ मिमी ठेवून कापा. १२ मिमी प्लायच्या पाटीत डोकं उडवलेला खिळा ठोका, पोळपाटाच्या खालच्या बाजूला मध्यावर उथळ भोक पाडून तो खिळ्यावर बसवा. खिळा तबकडीच्या खाली जाणाऱ्या भागासमोर हवा. पाटी हळूहळू पुढे सरकवा आणि खिळा तबकडीपासून बरोबर त्रिज्येइतका आला की अडेल अशी पट्टी टेबलाला क्लँप करा. पाटी अडली की पोळपाट सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. मधे थांबलात तर तिथे सपाट डाग पडतो.

पट्ट्याच्या बाजूला तक्रारी जास्त, आणि पहिली म्हणजे पट्टा एका कडेला पळतो. प्लग काढून नवा पट्टा चढवा, आतला बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा, हाताने दोनचार वेळा फिरवा. मग स्विच चालू-बंद करत ट्रॅकिंगचा, म्हणजे पट्टा मधोमध आणायचा, नॉब एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा. तरीही पळत असेल तर पट्टा ज्यावर फिरतो त्या रुळावर एका बाजूला भुश्याचा थर बसलाय का ते बघा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पट्ट्याचा जोड सुटतो. जोडाचा गोंद आणि कापड दोन्ही ओल धरतात. पट्टे घडी घालून ड्रॉवरमध्ये कोंबू नका. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा भिंतीला ठोकून त्यावर टांगा, नाहीतर सिलिका जेलच्या पुड्या टाकून पिशवीत सैल गुंडाळून ठेवा.

८० आणि १२० ग्रिट (आकडा मोठा तेवढा पट्टा बारीक) एवढ्यावर घरचं काम भागतं. शेवटचा हात १८० च्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सागवान तेलकट, पाइन चिकट, दोन्ही पट्टा बुजवतात. चालत्या पट्ट्यावर क्रेप रबराची कांडी टेकवली की तो मोकळा होतो. जुन्या चपलेच्या क्रेप सोलचा तुकडाही चालतो. लाकूड काळं पडायला लागलं की लोक जोर वाढवतात. पट्ट्याची धार गेलेली असते, बदला. एवढ्याशा मोटरवर जोर दिलात तर फक्त मोटर बसते.

सोबत येणारी कापडी पिशवी शोभेची. धुळीच्या तोंडाला घरचा व्हॅक्यूम जोडायला प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी रिड्यूसर आणि थोडी टेप पुरते. तरीही एन-९५ मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे, आणि सागवानाची नाकाला व कातडीलाही झोंबते. याच पट्ट्यावर पटाशी किंवा सुरी घासणार असाल तर आधी भुसा पूर्ण साफ करा आणि व्हॅक्यूम काढून ठेवा, कारण एक ठिणगी पिशवीतल्या भुश्यात तासभर धुमसू शकते. पातं दर एकदोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवा. निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. हातमोजे घालू नका, पट्टा ते ओढतो आणि सोबत बोटंही.

दुकानात मशीन घेताना स्टीलची फुटपट्टी, गुण्या आणि टॉर्च बरोबर न्या. तबकडी हाताने फिरवून डोलते का बघा. टेबल तबकडीशी काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघा, पण काटकोन थोडा चुकला तरी चालेल, बोल्ट सैल करून जुळतो. पट्ट्यामागच्या लोखंडी पाटावर फुटपट्टी उभी धरून मागून टॉर्च मारा. मधे उजेडाची रेघ दिसली तर दुसरा नग मागा. तो खड्डा कुठलाही स्क्रू फिरवून जात नाही.