पॅनहेलेनिक की लॅटिना सोरोरिटी? रोज घरी परतणाऱ्या मुलीसाठी

ऑगस्ट जवळ आला की ओळखीच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो. मुलगी कॉलेजला चालली आहे, सोरोरिटीत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलींच्या एखाद्या संघटनेत, जायचं म्हणते, तर कुठल्या सोरोरिटीत जाऊ द्यावं? आई-बाबांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं पांढऱ्या खांबांचं मोठं घर असतं आणि मुलीच्या डोळ्यांपुढे रीलमधला बिड डे. मी पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आले ती शाळेची शेवटची वर्षं उरली असताना. इथल्याच एका सरकारी विद्यापीठात शिकले, पॅनहेलेनिक म्हणजे जुन्या, मोठ्या आणि लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या मुलींसाठी निघालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या सोरोरिटींच्या दारापर्यंत गेले आणि लॅटिना सोरोरिटी निवडली. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे. पण पॅनहेलेनिक चॅप्टरमधल्या काही मुली अजूनही माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांचं त्यांच्या संस्थेवरचं प्रेम मी जवळून पाहिलं आहे. पुढे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील: चॅप्टर म्हणजे सोरोरिटीची एका कॅम्पसवरची शाखा, रश म्हणजे सभासद निवडण्यासाठीच्या भेटीगाठींच्या फेऱ्या आणि बिड म्हणजे त्यानंतर मिळणारं सामील होण्याचं आमंत्रण.

आधी पॅनहेलेनिकची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. पॅनहेलेनिक ही या सोरोरिटींची 1902 पासूनची राष्ट्रीय परिषद, तिच्यात 26 सोरोरिटी. मोठ्या कॅम्पसवर एकेका चॅप्टरमध्ये शंभराच्या वर मुली असतात. कुठल्याही विषयाच्या जुन्या नोट्स मिळतात, इंटर्नशिपसाठी फोन करायला माजी सभासद असतात आणि आजारी पडलात तर खोलीपर्यंत सूप आणणारं कुणी ना कुणी असतंच. पैशांचा हिशोब, कार्यक्रम, विमा हे सगळं वर्षानुवर्षं बसलेल्या चाकोरीतून चालतं. घरापासून लांब, हॉस्टेलवर राहणाऱ्या आणि गर्दीत खुलणाऱ्या मुलीला मी बिनदिक्कत सांगेन की रशला जाऊन बघ.

रशच्या त्या फेऱ्या मात्र प्रत्येकीला मानवतीलच असं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं हसून बोलायचं आणि रात्री दोन्ही बाजूंनी पसंतीच्या याद्या भरायच्या. मला त्याचा फार त्रास झाला नाही. माझं घोडं अडलं ते घरापाशी.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझा निर्णय याच एका गोष्टीवर झाला आणि माहितीपत्रकांत ती कुठेतरी बारीक अक्षरांत असते. मी घरून ये-जा करायचे. घरी आजी होती, धाकटा भाऊ होता, आणि शनिवार-रविवारी मी एका फार्मसीत काउंटरवर काम करत असे. ज्या चॅप्टरमध्ये माझं जवळजवळ ठरत आलं होतं, त्यांच्याकडे सुंदर घर होतं. त्या घरात निदान एक वर्ष राहावं अशी अपेक्षा होती. न राहणाऱ्या मुलींनाही दर सेमिस्टरला पार्लर फी द्यावी लागे, म्हणजे तिथल्या दिवाणखान्याच्या वापरापोटी ठरलेली रक्कम. ती भरायला माझे बाबा तयार होते. मला खुपलं ते वेळापत्रक. सगळं रात्री, जेवणं झाल्यावर, कारण घरात राहणाऱ्या मुलींना तीच वेळ सोयीची. रविवारची चॅप्टर मीटिंग सुटेपर्यंत माझी शेवटची बस निघून गेलेली असायची. गैरहजर राहिलं की दंड. कामाची पाळी हे कारण चालत नसे, परीक्षा हे चालत असे. मी अडचण सांगितली तेव्हा तिथल्या एका सीनियर मुलीने अगदी मायेने उत्तर दिलं, "मग इथेच राहायला ये ना!"

तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण ती सगळी रचनाच एक गोष्ट गृहीत धरून उभी होती. कॉलेज म्हणजे घर सोडणं, आणि घर सोडलेल्या मुलीला दुसरं घर देणं हे सोरोरिटीचं काम. मला दुसरं घर नको होतं. माझं पहिलं घर बसने गाठण्याजोगं होतं आणि तिथे माझी गरज होती.

लॅटिना चॅप्टरच्या माहिती बैठकीला गेले ती वर्गातल्या एका मैत्रिणीमुळे. बैठक स्टुडंट सेंटरमधल्या एका खोलीत, भर दुपारी, दोन लेक्चरांच्या मधल्या वेळेत. घर वगैरे काही नव्हतंच. निम्म्या मुली माझ्यासारख्या येऊन-जाऊन शिकणाऱ्या आणि जवळपास सगळ्या कुठे ना कुठे काम करणाऱ्या. कामाच्या पाळ्या आधी मांडायच्या आणि मग मीटिंगची वेळ ठरवायची, अशी तिथली पद्धत. रात्री उशीर झालाच, तर गाडी असलेली एकजण एडिसन, पर्थ अँबॉय, एलिझाबेथ असं करत सगळ्यांना दारात सोडायची. माझ्या आईला या संस्थेबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला तो त्या गाडीमुळे.

ही पद्धत अशीच पडलेली नाही. अमेरिकेतली पहिली लॅटिना सोरोरिटी, लॅम्डा थीटा आल्फा, डिसेंबर 1975 मध्ये न्यू जर्सीतल्याच कीन कॉलेजात सुरू झाली. सतरा मुलींनी ती काढली. आज तेच कीन विद्यापीठ आहे. 1855 मध्ये न्यूअर्कला शिक्षक घडवणारी शाळा म्हणून ते सुरू झालं आणि 1958 मध्ये युनियन गावी हललं. आसपासच्या गावांतून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचं हे कॉलेज. न्यूअर्क, एलिझाबेथ, पर्थ अँबॉय, युनियन सिटी या पट्ट्यात तेव्हा पोर्तो रिको आणि क्युबातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती होती. 1967 च्या न्यूअर्कमधल्या दंगलींनंतर, 1968 मध्ये, राज्याने गरीब घरच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी पैसा आणि शिकवणीचा आधार देणारा ईओएफ कार्यक्रम सुरू केला. 1969 च्या फेब्रुवारीत रटगर्सच्या न्यूअर्क कॅम्पसवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉन्क्लिन हॉलचा ताबा घेऊन प्रवेशाचं धोरण बदलायला लावलं. दारं थोडी उघडली आणि घरातून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्याच अशा कितीतरी लॅटिना मुली वर्गात येऊन बसल्या. जुन्या सोरोरिटींत त्यांच्यासारखं कुणी नव्हतं.

तसं हे अमेरिकेत आधीही घडलं होतं. विसाव्या शतकात बराच काळ जुन्या संस्थांत गोऱ्या ख्रिस्ती मुलींखेरीज इतरांना सहसा जागा नसे, कुठे लेखी नियमाने तर कुठे न लिहिता. म्हणून कृष्णवर्णीय मुलींनी 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात आल्फा कॅपा आल्फा काढली. कमला हॅरिस हिच्याच सभासद. ज्यू मुलींनी 1909 मध्ये बार्नर्ड कॉलेजात आल्फा एप्सिलॉन फाय काढली. लॅटिना मुली या वाटेवर बऱ्याच उशिरा आल्या, आणि त्यांनी कृष्णवर्णीय सोरोरिटींकडून पुष्कळ काही घेतलं. एकत्र आत येणाऱ्या मुलींची 'लाइन', पायांनी आणि टाळ्यांनी ताल धरणारी स्टेप, रांगेत नाचत जाणारा स्ट्रोल, नव्या सभासदांना सगळ्यांसमोर आणणारा प्रोबेट, हे सगळं तिकडचं. त्यात साल्सा आणि मेरेंगे मिसळले, स्पॅनिश घोषणा आल्या.

1975 नंतरच्या पंधरा वर्षांत अशा लॅटिना संस्था भराभर निघाल्या. 1980 मध्ये रटगर्सला काय उप्सिलॉन सिग्मा, 1986 मध्ये कॅलिफोर्नियात चिको इथे लॅम्डा थीटा न्यू, 1987 मध्ये टेक्सास टेकला कॅपा डेल्टा काय, 1988 मध्ये कॉर्नेलला लॅम्डा पाय काय, 1990 मध्ये आयोवा विद्यापीठात सिग्मा लॅम्डा गॅमा. प्रत्येकीचा सूर वेगळा असला तरी उद्देश साधारण एकच. आलेल्या मुलीने पदवी घेऊनच बाहेर पडावं आणि जाताना मागच्या मुलीसाठी वाट करून ठेवावी. लॅम्डा थीटा न्यू शाळकरी लॅटिना मुलींसाठी नेतृत्व परिषदा भरवते, त्या याच विचारातून. आमच्या चॅप्टरमध्ये अभ्यासाचे तास लावलेले असत आणि ते कुणी चुकवत नसे. मार्क घसरले तर दंड नव्हता, सीनियर मुलगी येऊन शेजारी बसायची.

आता लॅटिना बाजूला काय जड जातं तेही सांगायला हवं. चॅप्टर लहान असतात. दहा-बारा मुली म्हणजे भरलेला चॅप्टर, आणि कधी चौघीजणींवर सगळा डोलारा उभा असतो. खोली आरक्षित करणं, निधी जमवणं, विद्यापीठाचे अर्ज भरणं यांतून कुणाचीच सुटका नाही. मागे बसून मजा बघायची असेल, तर ही जागा नव्हे. दोघीतिघी पदवीधर झाल्या की चॅप्टर काही काळ थंडावतोही. माजी सभासदांचं जाळं पॅनहेलेनिकइतकं रुंद नसतं. माझ्या अनुभवात ते जास्त घट्ट निघालं, पण हा एकीचाच अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्या सभासदांची प्रक्रिया. ती काही आठवडे चालते, त्या काळात मुलगी एरवीपेक्षा कमी दिसते, आणि आत काय चाललंय ते बाहेर सांगायचं नाही असा संकेत असतो. आपल्याकडच्या आई-वडिलांना इथे लगेच रॅगिंग आठवतं, आणि आठवावंच. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. इथे रॅगिंगला हेझिंग म्हणतात, आणि न्यू जर्सीने 2021 मध्ये आपला हेझिंगविरोधी कायदा आणखी कडक केला. डिसेंबर 2024 मध्ये तर केंद्रीय कायदाच झाला आणि त्यानुसार दोषी ठरलेल्या संस्थांचा अहवाल कॉलेजांना जाहीर करावा लागतो. तो अहवाल शोधा, वाचा. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, गुप्तता पॅनहेलेनिकमध्येही असतेच. चॅप्टरच्या मुलींना थेट विचारा की आठवड्यातले किती तास जातील, रात्री किती वाजता घरी पोहोचेन. प्रक्रियेतले विधी गुप्त असू शकतात, घरी यायची वेळ गुप्त असायचं काही कारण नाही. इथे टाळाटाळ झाली, तर तिथून निघावं, मग संस्था कितीही नावाजलेली असो.

मराठी मुलीने लॅटिना सोरोरिटीत जावं का, हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला होता. नियम म्हणाल तर अडचण नाही, या संस्था कुठल्याही वंशाच्या मुलीला घेतात. स्पॅनिश येण्याची अट नसते, ती हळूहळू कानावर पडून थोडी येते. पण एक फरक मनात ठेवूनच जावं. आपल्यातले बहुतेक आई-वडील इंजिनिअर, डॉक्टर म्हणून इथे आले. आमच्या लाइनमधल्या एका मुलीची आई रात्रपाळीला कार्यालयं साफ करायची आणि कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज त्या मुलीने एकटीने भरला होता. ही संस्था आधी तिच्यासाठी निघाली आहे. आपण तिथे पाहुणी म्हणून जायचं नाही आणि मालकीण म्हणूनही नाही. कामाला लागायचं. मी सलग दोन उन्हाळे नव्या मुलींना ते अर्ज भरायला मदत केली आणि त्या घरांतून मला जो मान मिळाला, तो माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक आहे.

मग देशी सोरोरिटी का नाही? त्याही आहेत, आणि गंमत म्हणजे 1998 या एकाच वर्षी तीन निघाल्या: ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यू यॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. भारतीय माणसं कमी असलेल्या गावात वाढलेल्या मुलीसाठी मी त्यांना सगळ्यात वर ठेवेन. एडिसनमध्ये मात्र आमचा गणपती, दिवाळी, मराठी शाळा हे सगळं घराच्या अंगणात होतं. कॉलेजात मला त्यापलीकडचं काहीतरी हवं होतं, आणि घरीही जायचं होतं.

लॅटिना संस्थांतच निवड करायची असेल, तर पूर्वेकडे लॅम्डा थीटा आल्फाची मुळं खोल आहेत आणि परंपरेचा रंग गडद आहे. सिग्मा लॅम्डा गॅमा पाच मुलींनी आयोवात सुरू केली, जिथे लॅटिना मुली मोजक्याच होत्या. 'संस्कृती म्हणजे अभिमान, अभिमान म्हणजे यश' या अर्थाचं तिचं ब्रीद आहे, आणि बहुसांस्कृतिकपणा ती उघडपणे मिरवते. बुजणाऱ्या मराठी मुलीला तिथे कदाचित लवकर मोकळं वाटेल. पण नावावरून ठरवू नका. एकाच संस्थेचे दोन कॅम्पसवरचे चॅप्टर अगदी वेगळे असतात, आणि तुमच्या कॅम्पसवर कुठला चालू आहे त्यावर अर्धी निवड आपोआप होते.

बहुतेक लॅटिना सोरोरिटींत अर्जाआधी काही क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) आणि किमान जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला तसंही थांबावं लागतं. त्या महिन्यांत त्यांच्या उघड्या कार्यक्रमांना जाऊन या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हिस्पॅनिक हेरिटेज मंथ असतो, तेव्हा ते भरपूर असतात. कार्यक्रम संपल्यावर थोडं थांबा, खुर्च्या आवरायला हात लावा. घरून ये-जा करणाऱ्या किती मुली तिथे आहेत आणि त्या घरी कशा जातात, हे तेव्हाच कळतं.