अमेरिकन आर्काईव्ह ऑफ पब्लिक ब्रॉडकास्टिंग : बघायला गेले आणि टाइप करत बसले

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, मुलं इथल्या पब्लिक टीव्हीवरच (म्हणजे नफ्यासाठी नाही, लोकांसाठी चालणाऱ्या चॅनेलवर) वाढली, त्यामुळे या साइटबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे हे आधीच सांगते. जीबीएच हे बॉस्टनचं स्टेशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकेच्या संसदेचं मोठं ग्रंथालय मिळून ती चालवतात, देशभरातल्या पब्लिक रेडिओ-टीव्हीच्या जुन्या टेप्स डिजिटल करून ठेवल्यात, सुरुवातच सुमारे ४० हजार तासांनी झाली आणि बघायला पैसे लागत नाहीत.

मी आधी १९७३ च्या वॉटरगेट सुनावण्या लावल्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या त्या घोटाळ्याची सिनेटमधली चौकशी. तेव्हा पब्लिक टीव्हीने दिवसभराचं कामकाज रात्री परत अख्खं दाखवलं होतं, म्हणजे कामावरून आलेल्या माणसालाही सगळं बघता यावं. रॉबर्ट मॅकनील आणि जिम लेहरर हे पत्रकार शांतपणे समजावून सांगतात, आरडाओरडा नाही काही नाही, दहा मिनिटं बघू म्हणून बसले आणि कुकर गार होईपर्यंत उठलेच नाही.

पण मी अडकले ते त्यांच्या फिक्स इट प्लसमध्ये. कॉम्प्युटरने केलेलं ट्रान्सक्रिप्ट आपण सुधारायचं, एक ओळ ऐकायची, चुकलं असेल ते टाइप करायचं, की पुढची ओळ. एका जुन्या रेडिओ भाषणात एक म्हातारे गृहस्थ गांधीजींबद्दल बोलत होते, मध्येच थांबून त्यांनी अगदी जपून ‘सत्याग्रह’ म्हटलं आणि स्क्रीनवर काय तर ‘सॅटी आग्रा’! तीनदा मागे नेऊन ऐकलं, मग नीट टाइप केलं. आता कुणी तो शब्द शोधला तर हे भाषण सापडू शकेल, नाहीतर असून नसल्यासारखंच होतं ते. त्या रात्री मला खरंच झोप आली नाही, इतका आनंद झाला.

आता फेअर यूजचं, म्हणजे कॉपीराइटमधल्या सवलतीचं. अभ्यास, टीका, बातमी अशा कामांसाठी दुसऱ्याचं कॉपीराइट असलेलं काम मालकाला न विचारताही वापरायची मुभा, पण वापर कशासाठी, मूळ काम कसलं, किती भाग घेतला आणि मालकाच्या कमाईवर काय परिणाम होतो ते बघून ठरतं. हे किती महत्त्वाचं आहे ते ‘आइज ऑन द प्राइज’वरून कळतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरची १९८७ ची ही मालिका, त्यातल्या जुन्या फुटेजच्या परवान्यांची मुदत संपली म्हणून वर्षानुवर्षं टीव्हीवर दाखवता आली नाही, २००६ मध्ये पीबीएस या देशभरच्या पब्लिक टीव्हीवर परत आली. तिच्यासाठी घेतलेल्या मूळ मुलाखती या आर्काईव्हमध्ये आहेत, त्या नक्की ऐका, मालिकेत दोन वाक्यं आलेला माणूस इथे तासभर मनापासून बोलतो.

भारतातल्यांनी एक लक्षात घ्या, बराचसा भाग फक्त अमेरिकेतूनच उघडतो. फेअर यूज हा इथल्या कायद्यातला आधार आहे, आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चं फेअर डीलिंग वेगळं. बाहेरून जे उघडेल त्यावरच भागवावं लागतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, पब्लिक मीडियाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, ज्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगच्या पुढाकाराने हे आर्काईव्ह उभं राहिलं तिचाच तो पैसा. तेव्हापासून मी दर शनिवारी सकाळी चहा घेऊन एक तास बसते. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो भारतातून सगळं दिसत नाही म्हणून. हेडफोन मात्र चांगले घ्या, जुन्या टेप्सना खरखर फार आहे.