वर्गणी की ओपन ॲक्सेस?
ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दर मार्चला जर्नलांच्या (संशोधन-नियतकालिकांच्या) यादीवर कात्री चालते. वर्गणीचं गणित जाचक: पैसे थांबले की ऑनलाइन जुने अंकही अनेकदा बंद. म्हणजे वर्षानुवर्षं भाडं भरलं, घर आपलं नव्हतंच! ओपन ॲक्सेसमध्ये वाचणाऱ्याला फुकट, पण बिल अनेकदा लेखकाच्या माथी. ‘नेचर’ या विज्ञानाच्या नामांकित जर्नलने २०२१पासून एका ओपन ॲक्सेस लेखामागे ९,५०० युरो ठरवले. आमच्या प्राध्यापकांनी ते आणायचे कुठून? संस्थांसाठी जर्नलांची एकत्रित वर्गणी भरणारी केंद्राची ६,००० कोटींची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५मध्ये सुरू झाली, तीही आधी सरकारी संस्थांसाठी. आमचं खासगी कॉलेज दाराबाहेरच. वाचायला मी ओपन ॲक्सेसच्याच बाजूने. छापायला मात्र लेखकाकडूनही शुल्क न घेणारी जर्नलं आधी धुंडाळा. तशी आहेत, फक्त बढतीच्या वेळी त्यांच्या नावाचा दबदबा पडत नाही.