भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय: आधी इमारत बघा

राणीच्या बागेत गेलात की पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी तासभर डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला द्या. लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या पोरांना मी इथे घेऊन येतो, कारण दुरुस्ती कशी असते ते इथे डोळ्यांनी दिसतं.

ही इमारत १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडली. १९७५ मध्ये तिला एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर आणि अभ्यासक भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं, पण तब्येत ढासळतच गेली. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून काम हाती घेतलं. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं.

आत शिरलात की लगेच वस्तूंकडे वळू नका. मान वर करून छत बघा, मग ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी, पायाखालच्या मिंटन या इंग्लिश कंपनीच्या नक्षीदार फरश्या. जिना चढून वरच्या सज्जात जा, कठड्याशी थांबा, म्हणजे सगळं दालन एका नजरेत येतं. जुनी लाकडी कपाटंसुद्धा भंगारात न काढता सुधारून पुन्हा वापरली आहेत. आमच्या धंद्यात याच्या उलट चालतं: चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापायचं. मग ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. वर तेच सिमेंट बनवताना हवेत किती कार्बन जातो! उभी इमारत जगवणं हाच पर्यावरणाचा सगळ्यात मोठा फायदा, असं माझं ठाम मत आहे.

वरच्या मजल्यावर मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, कामधंद्यांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. मुलं तिथून हलत नाहीत. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तोही तुकडे सांधून उभा केलेला.

विस्ताराचं मात्र अडलं आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या काँक्रीटची नवी इमारत, छताला तिरक्या चिरा देऊन आत घेतलेला उजेड, मधोमध पाण्याचं कुंड आणि त्यातल्या सौर घटांतून (उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्यांतून) संग्रहालयाची ६० टक्के वीज. कल्पना देखणी आहे. पण भायखळ्याची धूळ आणि चार महिन्यांचं ढगाळ आभाळ धरून ते घट पुसायचे कोणी, हे करारातच लिहिलेलं हवं. शहराला जागा हवीच आहे. ती बांधताना जुन्या भिंतीला हादरा बसू नये आणि पावसाचं पाणी तिच्या पायाशी वळू नये, एवढं आधी बघावं.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. बुधवारी बंद असतं.